उपचार संपले, पण ध्यानात राहीना

"पिठाचा डबा उघडला, अन् कशाला उघडला तेच कळंना." "जावयाचं नाव ओठावर येतंय, पण बाहेर पडंना." "गोळी घेतली का नाही, काय की!" कॅन्सरचे उपचार आटोपून घरी आलेल्या माणसाची तक्रार बीडकडच्या बोलीत साधारण अशी असते. ती डॉक्टरांपर्यंत क्वचितच पोचते. गाठ गेली, केस पुन्हा उगवले, अंगावर थोडं मांस आलं, पाहुणेरावळे भेटून गेले. घराच्या लेखी आजारपण संपलेलं असतं. डबा उघडून विसरलं ही काय दवाखान्यात सांगायची गोष्ट आहे का, असं त्या माणसाला स्वतःलाच वाटतं.

उपचार चालू असताना हे विसरणं फारसं जाणवत नाही, त्यालाही कारण आहे. त्या काळात रांधणं सुनेकडे, हिशेब नवऱ्याकडे आणि गोळ्या मुलाकडे असतात. चूल, गुरं, दुकान, पैसा पुन्हा हातात आला की मग कळतं, पूर्वी एका वेळी चार कामं सांभाळणारं डोकं आता दोन कामांतच अडतंय. म्हणून पुष्कळांना वाटतं की हे काहीतरी नवंच लागलं. काहींना वाटतं, आजार डोक्यात चढला. काही घरं देवऋषीही गाठतात. खरं तर हा उपचारांच्या मागे राहिलेला, माहीत असलेला आणि बहुतेकांच्या बाबतीत हळूहळू उतरणारा त्रास आहे.

त्याला नाव दिलं ते रुग्णांनीच. १९९०च्या दशकात पाश्चात्त्य देशांतल्या स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या बायका आपसांत 'केमोब्रेन', म्हणजे केमोथेरपीनंतरचं डोकं, म्हणू लागल्या. डॉक्टर मंडळी बराच काळ हे थकव्यावर, काळजीवर, नाहीतर वयावर ढकलत राहिली. १९९८ साली नेदरलँड्समध्ये अशा बायकांच्या रीतसर चाचण्या झाल्या. उपचारांना सुमारे दोन वर्षं उलटून गेलेली होती. जास्त मात्रेची केमो घेतलेल्यांपैकी ३२ टक्के, नेहमीच्या मात्रेची घेतलेल्यांपैकी १७ टक्के आणि केमो न घेतलेल्यांपैकी ९ टक्के बायका चाचण्यांत मागे पडल्या. मात्रेप्रमाणे आकडा चढत गेला, तेव्हा 'मनाचे खेळ' म्हणून हे उडवून लावणं अवघड झालं.

पुढे २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात स्तनाच्या कॅन्सरच्या ५८१ रुग्ण आणि ३६४ निरोगी बायका घेतल्या. केमोच्या आधीपासून नंतरपर्यंत स्मरण-लक्षात घसरण झाल्याचं ४५ टक्के रुग्णांनी सांगितलं. निरोगी बायकांत हे प्रमाण १० टक्के होतं. सहा महिन्यांनी तेच आकडे सुमारे ३६ आणि १४ होते. म्हणजे काहींचं सुधारतं आणि काहींचं रेंगाळतं. नेदरलँड्समध्येच, उपचारांना सरासरी २१ वर्षं उलटलेल्या बायकाही तपासल्या गेल्या. जुन्या पद्धतीची केमो घेतलेल्या त्या बायकांत शब्द लक्षात ठेवणं आणि कामाचा वेग यांत बारीक फरक तेव्हाही दिसला. फरक बारीक होता, हे इथे ठासून सांगायला हवं. त्या बायका घर चालवत होत्या, कामं करत होत्या.

दुसरी गोष्ट अशी की केमो सुरू होण्याआधी चाचणी घेतली, तर तेव्हाच सुमारे एक तृतीयांश रुग्ण थोडे मागे पडलेले आढळतात. आजारामुळे शरीरात उठलेली सूज, भूल आणि शस्त्रक्रिया, उडालेली झोप, धास्ती हे सगळं तोवर होऊन गेलेलं असतं. तेव्हा एकट्या केमोच्या नावानं बोटं मोडण्यात अर्थ नाही.

मेंदूत नेमकं काय होतं? याचा एक धागा अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात उंदरांवर झालेल्या प्रयोगांत सापडला. मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध दिल्यावर मेंदूतल्या राखणदार पेशी चवताळतात आणि बराच काळ शांत होत नाहीत. त्यांच्या त्रासानं मज्जातंतूंवरचं मायलिन नावाचं वेष्टन नीट तयार होत नाही. विहिरीवरच्या मोटारीची वायर सोलली गेली की मोटार बंदच पडते असं नाही, पण कधी अडखळते, कधी दम टाकते; तसंच काहीसं. हा शोध उंदरांतला आहे आणि केमोची सगळी औषधं एकसारखी नसतात, हे विसरून चालणार नाही. पण 'चाचणीत काही निघत नाही, म्हणजे तुला काही झालेलं नाही' असं म्हणणाऱ्यांना यातून उत्तर मिळतं.

आता एका गैरसमजाकडे वळू, कारण घरातली निम्मी भांडणं त्यातून निघतात. जात्यावरच्या ओव्या पाठ असलेली एखादी म्हातारी धरा. बसली की एकामागून एक म्हणत जाईल. माहेरच्या सात पिढ्या सांगेल, कोणत्या साली दुष्काळात गुरं छावणीला नेली तेही सांगेल. पण सकाळची गोळी घेतली का म्हटलं, तर गप्प. मग घरातून टोमणा येतोच: "ओव्या बऱ्या ध्यानात राहतात!" यात लबाडी नसते. जुनं साठवलेलं आणि अंगवळणी पडलेलं या त्रासात सहसा शाबूत राहतं. मार बसतो तो लक्षावर, वेगावर, ऐनवेळी शब्द सापडण्यावर आणि एक काम चालू असताना दुसरं डोक्यात धरून ठेवण्यावर. पुष्कळदा ती गोष्ट 'विसरली' असंही म्हणता येत नाही. सून बोलत होती, तेव्हा बाहेर ट्रॅक्टर गेला, कुकरची शिट्टी झाली, आणि ते वाक्य आत गेलंच नाही. आत न गेलेली गोष्ट आठवणार कुठून? इथेच स्मृतिभ्रंशाहून हे वेगळं पडतं. स्मृतिभ्रंशात आजार वाढत जातो आणि माणसाला स्वतःच्या विसरण्याची जाणीव बहुधा उरत नाही. इथे माणूस स्वतःच आपल्या चुका मोजत बसतो.

बीड जिल्ह्यातला रुग्ण उपचारांसाठी कुठे जातो, हे बरंचसं तालुक्यावर ठरतं. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. केज-धारूरकडच्यांना बार्शी आणि लातूर जवळ, गेवराईकडच्यांना छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, आष्टीकडच्यांना अहिल्यानगर-पुणे. ज्यांचं कुणी मुंबईत असतं ते थेट परळला, टाटा हॉस्पिटलात. यांपैकी बार्शीचं महत्त्व निव्वळ जवळच्या दवाखान्याचं नाही. तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात १९८७ पासून आसपासच्या गावांमधल्या कॅन्सरची नोंद ठेवली गेली. देशातली ही पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा प्रचंड अभ्यास झाला. त्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायका होत्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ मध्ये सगळ्या जगाला कळलं. आपल्या शेजारच्या गावांनी जगाला दिलेलं हे ज्ञान आहे, आणि त्याचा आपल्याकडे म्हणावा तसा गवगवा झाला नाही. त्या अभ्यासानं मोजलं ते आजार आणि मरण. वाचलेल्या बाईला पुढे मिठाचा डबा सापडतो का, हे मोजणं त्याचं काम नव्हतं. विसरण्यावरचं बरंचसं संशोधन परदेशातल्या, शिकलेल्या, स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर झालेलं आहे, आणि सल्लेही त्यांच्याच घराला शोभणारे असतात: डायरी ठेवा, मोबाइलवर कॅलेंडर लावा, कामाच्या टेबलावर चिठ्ठ्या चिकटवा. ज्या घरात टेबलच नाही, तिथे ही चिठ्ठी कुठे चिकटवायची?

आपल्याकडे विसरण्याच्या वाटाही थोड्या वेगळ्या आहेत. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये कमरेच्या भागाला किरण देतात आणि जोडीला आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. डोक्याला किरणांचा स्पर्शही होत नाही. पण त्या किरणांनी अंडाशयांचं काम थांबतं. पस्तिशी-चाळिशीतल्या बाईची पाळी एकदम जाते, अंगातून गरम वाफा निघतात, रात्री तीनदा-तीनदा जाग येते. महिनोन्महिने झोप मोडलेल्या माणसाला काय आणि किती आठवणार? त्यात आधीच्या रक्तस्रावानं हिमोग्लोबिन खाली गेलेलं असतं.

तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरची वाट आणखी वेगळी. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते, हे कुठल्याही बसस्टँडवर पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळतं. या रुग्णांच्या मानेवर किरण दिले जातात आणि मानेतच थायरॉइड ग्रंथी असते. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी तिचं काम मंदावतं. माणूस सुस्तावतो, थंडी सोसेनाशी होते, बोलणं-चालणं जड होतं, विसरायला होतं. घरचे म्हणतात, आजारानं खचला. टीएसएच नावाची रक्ताची एक साधी तपासणी केली तर कारण सापडतं, आणि रोजच्या एका गोळीनं माणूस पुन्हा माणसात येतो. मानेवर किरण घेतलेल्या प्रत्येकानं ही तपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी करून घ्यावी. या प्रकरणातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल, तर हे ठेवा.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये केमोनंतर अनेकींना पाच ते दहा वर्षं टॅमॉक्सिफेनची गोळी असते. तिनंही शब्दांच्या आठवणीवर थोडा परिणाम झाल्याचं नेदरलँड्सच्या एका अभ्यासात दिसलं. पण कॅन्सर उलटू नये म्हणून ती गोळी असते. विसरायला होतं म्हणून आपल्या मनानं बंद करणं परवडणारं नाही. तक्रार सांगावी, बदल डॉक्टरांनी करावा. रक्ताच्या कॅन्सरमधून उठलेल्या मुलांबद्दल एवढंच, की पाठीच्या कण्यातून औषध किंवा डोक्याला किरण दिलेलं पोर वर्गात मागे पडलं, तर गुरुजींना आजाराचा इतिहास माहीत असलेला बरा. त्याला 'ढ' ठरवण्याआधी थोडा जास्त वेळ देऊन पाहावं.

आणि एक गोष्ट खास बीडची. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, खाड्याला पैसे कापतात, हे एक कारण. आणि 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल' ही दवाखान्यात घातलेली भीती हे दुसरं. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली गेली असतील, तर त्याचा मेंदूशी संबंध येतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २००७च्या अभ्यासात, पाळी जाण्याच्या वयाआधी अंडाशय काढलेल्या बायकांत पुढे स्मरण-विचार मंदावण्याचा किंवा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेला आढळला. वय जितकं लहान, तितका धोका जास्त. ज्या कॅन्सरचं भय दाखवलं तो झालाच नसताना त्याच्या उपचारांमागून येणारा विसर मात्र वाट्याला यावा, याला काय म्हणावं? अशा बाईनं ऑपरेशनचे कागद शोधून अंडाशय ठेवलं की काढलं, एवढं तरी डॉक्टरांकडून वाचून घ्यावं.

ऊसतोडीच्या घरात विसरणं महागात पडतं, ते वेगळ्या कारणानं. दसरा-दिवाळीला कोयता निघतो, म्हणजे नवराबायकोची जोडी निघते. त्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती टनामागे फिटत जाते. मुकादमाची वही असते, कोयत्याची नसते. किती उचल घेतली, मध्ये दवाखान्याला किती मागितली, किती खाडे पडले, हे सगळं डोक्यात. अशा जोडीतली हिशेब धरणारी व्यक्ती केमोतून उठून आली असेल, तर हातचे पैसे जायला वेळ लागत नाही, आणि भांडायला तोंडही उरत नाही. "तुलाच आठवत नाही" म्हटलं की संपलं. उपाय साधा आहे. पैसे घेताना-देताना मुकादमाच्या वहीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढायचा, नाहीतर तिथेच उभं राहून आपल्या आवाजात रक्कम, वार आणि नाव रेकॉर्ड करायचं. लिहिता-वाचता येण्याची यात गरज नाही. उपचार चालू असताना आणि त्यानंतरचे काही महिने जमिनीच्या, कर्जाच्या, बचत गटाच्या कुठल्याही मोठ्या कागदावर एकट्यानं अंगठा देऊ नये. ओटीपी फोनवर कुणालाच सांगू नये.

घरातल्या युक्त्यांकडे वळण्याआधी बरी होण्याजोगी कारणं शोधायला हवीत. हा क्रम उलटा केला, तर माणूस वर्षभर चिठ्ठ्या लिहीत बसतो आणि कारण रक्तात पडून असतं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, रक्तातलं सोडियम आणि बी-१२ या तपासण्या डॉक्टरांना विचारून कराव्यात. बी-१२ जास्तकरून दूध, अंडी, मटण-मासळीतून मिळतं. माळकरी घरात दूधही चहापुरतंच असेल, तर ते कमी पडण्याची शक्यता दांडगी. पुण्यात आणि आसपास झालेल्या एका पाहणीत तर दोन तृतीयांश पुरुषांत ते कमी निघालं होतं, आणि त्यांना कॅन्सर नव्हता. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल किंवा जठराचा भाग काढला असेल, तर ते आणखी घटतं.

मग औषधांची पिशवी उघडावी. झोपेची किंवा घाबरेपणाची गोळी, ॲलर्जीची गुंगी आणणारी गोळी, हातापायांच्या मुंग्यांसाठी दिलेलं प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन, दुखण्यासाठीचं ट्रामाडॉल किंवा मॉर्फिन: यांतली प्रत्येक गोष्ट डोकं जड करू शकते. काही गोळ्या दोन आठवड्यांसाठी दिलेल्या असतात आणि मेडिकलवाला तीच चिठ्ठी बघून वर्षभर देत राहतो. सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओताव्यात आणि विचारावं, यांतली कुठली आता नको? शेवटी मन. सतत रडू येणं, कशात जीव न लागणं, पहाटे तीनला उठून छताकडे बघत बसणं, ही लक्षणं असतील, तर विसरणं हे उदासीचंही असू शकतं, आणि उदासीला औषध आहे.

गावाकडे आणखी एक अडचण येते ती चाचणीची. स्मरणशक्ती तपासण्याच्या प्रचलित प्रश्नावल्या लिहिता-वाचता येणाऱ्यांसाठी बनलेल्या आहेत. शाळा न पाहिलेल्या बाईला वाक्य लिहायला सांगितलं, तर त्यातून तिची आठवण कशी कळणार? हरियाणातल्या बल्लभगढला १९९०च्या दशकात यावर हिंदीतून चांगलं काम झालं. कागदावरची 'डोळे मिटा' ही सूचना वाचायला देण्याऐवजी तपासणाऱ्यानं स्वतः डोळे मिटायचे आणि 'मी करतो तसं करा' म्हणायचं, असे बदल त्यात केले. पण अशा चाचण्या स्मृतिभ्रंशासाठी आहेत. केमोनंतरचा बारीक विसर त्यांच्या चाळणीतून सहज निसटतो. म्हणून चाचणी 'नॉर्मल' आली तरी तक्रार खोटी ठरत नाही. त्याऐवजी घरच्यांनी आठवडाभर साधी नोंद ठेवावी: काय विसरलं, किती वाजता, झोप कशी झाली होती. डॉक्टरांना यातून जास्त कळतं.

आता घरातली व्यवस्था. ऑस्ट्रेलियात २४२ जणांवर संगणकावरच्या १५ आठवड्यांच्या सरावाचा प्रयोग झाला, अमेरिकेत रुग्णांना रोजच्या व्यवहारातल्या युक्त्या शिकवण्याचे वर्ग निघाले. दोन्हींचा तक्रारी कमी होण्यासाठी उपयोग झाला. दुसऱ्यातली मूळ कल्पना आपल्याला सोयीची आहे: आठवण वाढवण्याच्या मागे न लागता आठवणीवरचा भार कमी करायचा.

एक जागा ठरवा. जुन्या घरात देवळी किंवा कोनाडा असतो, पत्र्याच्या घरात खिळ्याला टांगलेली पिशवी असते. चष्मा, किल्ली, मोबाइल, गोळ्या आणि दवाखान्याची फाईल तिथेच; दुसरीकडे ठेवायचीच नाही, आणि घरातल्या कुणी हलवायची नाही. हा नियम रुग्णापेक्षा घरच्यांनाच जड जातो, असा अनुभव येईल. गोळ्या घड्याळाला बांधू नयेत, ठरलेल्या कामाला बांधाव्यात. सकाळच्या चहाबरोबर एक आणि दिवेलागणीला देवापुढे दिवा लावला की दुसरी. वाचता येत नसेल, तर स्ट्रिपवर पेननं सूर्य आणि चंद्र काढून द्यावा. आणि गोळी घेताच भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला फुली मारायची. दुधाचा रतीब लिहायची सवय असलेल्या घराला हे शिकवावं लागत नाही. 'घेतली का नाही' या शंकेनं दोनदा गोळी घेतली जाते, ते या फुलीनं टळतं.

दूध तापायला ठेवलं की तिथून हलायचं नाही. एका वेळी एकच काम, हा नियम चपळ बाईला अपमानासारखा वाटतो, पण उतू गेलेल्या दुधापेक्षा, करपलेल्या भाकरीपेक्षा तो बरा. गॅस बंद करताना, कुलूप लावताना तोंडानं मोठ्यानं म्हणायचं: "गॅस बंद केला." कान ऐकतात, लक्ष तिथे राहतं आणि अर्ध्या वाटेवरून परत येऊन बघावं लागत नाही. पदराला गाठ मारायची आपली जुनी रीत उत्तम आहे, फक्त एका वेळी एकच गाठ. दोन झाल्या की दुसरी कशाची, हाच नवा प्रश्न. कापडावर आठवण ठेवण्यात अंबाजोगाईची बरोबरी तशी कुणी करणार नाही. संतकवी दासोपंतांनी तिथे सुमारे चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर अख्खं 'पंचीकरण' हे काव्य लिहून ठेवलं आहे! आपल्याला बाजाराची यादी पुरे.

डॉक्टर बोलत असताना त्यांची परवानगी घेऊन ते मोबाइलवर रेकॉर्ड करावं. दवाखान्यात शक्यतो दोघांनी जावं. पुढची तारीख फाईलवर, कॅलेंडरवर आणि गावातल्या आशाताईच्या कानावर अशी तिन्हीकडे असावी, कारण कॅन्सरमध्ये तारीख विसरणं हे डबा विसरण्याइतकं स्वस्त नसतं. डोकं लावायची कामं, म्हणजे हिशेब, बँक, कागदपत्रं, सकाळी ताजं असताना उरकावीत. उसाचा कोयता, कडबाकुट्टीचं यंत्र, ट्रॅक्टर, गाडी यांना लगेच हात लावू नये. लक्ष एक क्षण जरी उडालं तरी बोटं जातात.

चालणं हे या त्रासावरचं सगळ्यात स्वस्त औषध. जमेल तेवढ्यानं सुरू करून रोज अर्ध्या तासापर्यंत न्यावं. अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या २०० बायकांवर योगासनांचा प्रयोग झाला. बारा आठवडे योग केलेल्यांच्या विसरण्याच्या तक्रारी, योग संपल्यावर तीन महिन्यांनी, न करणाऱ्यांपेक्षा २३ टक्क्यांनी कमी होत्या. दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ देऊ नये, म्हणजे रात्रीची शिल्लक राहते. मिश्री आणि तंबाखू मात्र बंद. 'दातासाठी' ही सबब चालणार नाही. ब्राह्मी, शंखपुष्पी, बदाम यांबद्दल हटकून विचारलं जातं. बदाम खुशाल खा. ब्राह्मीचे काही छोटे अभ्यास निरोगी माणसांत झाले आहेत. कॅन्सरनंतरच्या विसरण्यावर ती लागू पडते असं म्हणण्याइतका पुरावा नाही. केमो चालू असताना बिनलेबलाची पूड, काढा, भस्म पोटात घेणं तर धोक्याचं. यकृतावर ताण आला की पुढची केमो लांबते.

घरच्यांसाठी थोडं सांगतो. "सांगितलं ना एकदा", "डोकं ठिकाणावर हाय का" ही वाक्यं तोंडात तयारच असतात. ती गिळावीत. परत विचारलं, तर परत सांगावं, समोर येऊन, टीव्ही बंद करून आणि एका वेळी एकच गोष्ट. पण सगळी कामं काढूनही घेऊ नयेत. स्वयंपाक, बाजार, गुरं यांतलं झेपेल ते हातात राहिलं की हात आणि डोकं दोन्ही चालू राहतात. चारचौघांत चेष्टा तर करूच नये. लग्नात कुणाचं नाव आठवलं नाही म्हणून हसू झालं, की ती बाई पुढच्या लग्नाला जायचंच टाळते.

काही वेळा मात्र वाट बघायची नसते. माणूस अचानक, तासा-दोन तासांत बरळायला लागला, घरचे ओळखू येईनात, झटका आला, एक हात-पाय किंवा तोंडाची एक बाजू लुळी पडली, सकाळी उठताच डोकं फुटेस्तोवर दुखून उलटी होऊ लागली, किंवा केमो चालू असताना ताप येऊन भान हरपू लागलं, तर हा नेहमीचा विसर नव्हे. मेंदूत पसरलेला आजार, जंतुसंसर्ग, सोडियम घसरणं, पक्षाघात यांपैकी काहीही असू शकतं. १०८ला फोन करून त्याच वेळी मोठं रुग्णालय गाठावं. फाईल बरोबर न्यावी.

बाकीच्यांसाठी अंदाज असा: बहुतेकांचं डोकं उपचार संपल्यावर सहा महिने ते वर्षभरात बऱ्यापैकी रुळावर येतं, काहींचं त्यापुढेही रेंगाळतं, आणि ज्यांच्यात थायरॉइड, रक्त किंवा झोपेचं कारण सापडतं त्यांच्यात फरक लवकर दिसतो. तेव्हा पुढच्या तारखेला जाल, तेव्हा दुखणं-खुपणं सांगायच्या आधी ही तक्रार सांगा आणि फाईलवर लिहून घ्या. मन फार खचलं असेल, तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं.